रोमा व स्थलांतरित : चेक जनमत
चेक भूमीत रोमा लोक शतकानुशतके राहत आले, तरी शेजारी म्हणून ते आजही अनेकांना नको असतात. त्यांच्या पूर्वजांचे मूळ भारतात आहे. त्यांच्या बोलीत माणसाला ‘मानुश’ आणि पाण्याला ‘पानी’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात लेती येथील छळछावणीत ३०० हून अधिक रोमा मेले. त्यांत कितीतरी लहान मुले होती. १९७० च्या दशकात तिथेच मोठे वराहपालन केंद्र उभे राहिले. ते हटून स्मारक खुले व्हायला २०२४ उजाडले. इतक्या दिरंगाईला क्षमा नाही. १९९९ मध्ये उस्ती नाद लाबेम शहरातील मातिच्नी रस्त्यावर रोमांची घरे वेगळी पाडणारी भिंत बांधली गेली. देशोदेशी टीका झाल्यावर काही आठवड्यांतच ती पाडावी लागली. रोमा मुलांना मतिमंदांच्या शाळांत घालणे हा भेदभाव असल्याचा निर्णय युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००७ मध्ये दिला.

स्थलांतरितांबाबतही पारडे असेच झुकते. युरोपीय संघाने २०१५ मध्ये सदस्य देशांना वाटून दिलेल्या निर्वासितांपैकी अवघे १२ जण चेक सरकारने घेतले. २०२२ मध्ये मात्र लाखो युक्रेनियन निर्वासितांना लोकांनी आपली घरे उघडून दिली. त्याच वर्षीच्या वसंतात युक्रेनहून आलेली रोमा कुटुंबे, लेकराबाळांसह, प्रागच्या मुख्य रेल्वे स्थानकात रात्री काढत होती.