खांब कोणाचा? मुंबईतील घरमालकाच्या जबाबदारीचा इतिहास

१/ २५ जुलै २०१७ रोजी सकाळी घाटकोपर पश्चिमेच्या दामोदर पार्क भागातील 'सिद्धी साई' ही चार मजली इमारत कोसळली. १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर पूर्वी शुश्रूषागृह होते आणि त्या जागेत नूतनीकरण चालू होते. या कामात इमारतीच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

२/ तळमजल्याची जागा एकाची असते, पण त्या जागेतील खांबावर वरच्या साऱ्यांची घरे उभी असतात. मग खांबाची जबाबदारी कोणाची? मुंबईत हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे. चाळमालक, शासन, महापालिका आणि गृहनिर्माण संस्था अशा चार मालकांच्या हातून तो कसा फिरत आला, ते या धाग्यात पाहू.

३/ आरंभ १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यापासून करावा लागतो. मोडकळीस आलेली किंवा पडण्याजोगी वास्तू पाडण्याची, सावरण्याची अथवा दुरुस्त करण्याची नोटीस आयुक्तांनी द्यावी, असे त्याचे कलम ३५४ सांगते. ही नोटीस मालकाला किंवा भोगवटादाराला, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्यालाही, देता येते. दोघांपैकी नेमका कोण, हा वाद त्या एका 'किंवा'तून पुढे सतत डोके वर काढत राहिला.

४/ याच कायद्याच्या कलम ३४२ नुसार इमारतीत भर घालण्यापूर्वी किंवा तिच्या रचनेत बदल करण्यापूर्वी आयुक्तांना लेखी सूचना द्यावी लागते. रंगरंगोटीसारख्या किरकोळ दुरुस्तीची गोष्ट वेगळी. परंतु भार वाहणाऱ्या भागाला परस्पर हात लावण्याची मोकळीक या शहरात १८८८ पासूनच नाही.

५/ १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. ॲकॅशिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजेच प्लेगचा, रुग्ण ओळखला. साथीबरोबर दाटीवाटीच्या, अंधाऱ्या चाळींकडे सरकारचे लक्ष गेले. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशा खुणा रंगवल्या गेल्या. उजेड यावा म्हणून कौले काढली गेली.

६/ १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याने गलिच्छ वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते काढले आणि ज्या आजही 'बीआयटी चाळी' म्हणून ओळखल्या जातात त्या बांधल्या. भर मुख्यतः पाडण्यावर आणि नव्याने बांधण्यावर होता.

७/ त्याच सुमारास न्यूयॉर्कने वेगळी वाट धरली. १९०१ च्या भाडे-घरांविषयीच्या कायद्याने तेथे स्वतंत्र खाते निर्माण झाले. निरीक्षकांनी घरे तपासावीत, उल्लंघनांची नोंद ठेवावी आणि मालकाकडून ती दूर करून घ्यावीत, हे त्या खात्याचे काम होते. उभ्या घराची नियमित तपासणी हा विचार मुंबईच्या कायद्यात ठळकपणे येण्यास आणखी एक शतक लागले.

८/ दरम्यान भाड्याचा प्रश्न पेटला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. १९४७ च्या कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. फाळणीनंतर निर्वासितांनी भरलेल्या शहरात भाडेकरूंसाठी तो मोठा आधार होता.

९/ दुरुस्तीचे कर्तव्य मात्र कायद्याने घरमालकाकडेच ठेवले. उत्पन्न गोठलेले, चुना-सिमेंटचे आणि मजुरीचे दर चढते. मालक म्हणे, 'एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करू?' भाडेकरू म्हणे, 'इमारत तुमची आहे.' दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते आणि त्या वादात भिंतींना तडे जात राहिले. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये प्रमाण भाड्याच्या या गोठवलेल्या तरतुदी अवाजवी ठरवल्या. तोवर अर्धे शतक उलटले होते.

१०/ जुन्या इमारती पावसाळ्यागणिक कोसळू लागल्या, तेव्हा शासन मध्ये पडले. बेडेकर समितीच्या अहवालानंतर १९६९ चा इमारत दुरुस्ती व पुनर्रचना कायदा झाला. इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्यातून शासकीय मंडळाने दुरुस्ती करायची, अशी ती योजना होती. अशा १९,६४२ इमारतींची नोंद झाली. १९७७ मध्ये हे काम म्हाडाकडे आले.

११/ ही व्यवस्था फक्त मुंबई शहर बेटापुरती, म्हणजे दक्षिणेतील कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत होती. घाटकोपर तिच्याबाहेर राहिले. घाटकोपर आणि आसपासचा भाग १९५० मध्ये महापालिकेच्या हद्दीत आला, मुलुंड १९५७ मध्ये. पालिकेची नोटीस उपनगरांत पोहोचली, दुरुस्तीचे मंडळ पोहोचले नाही. येथील इमारतीची डागडुजी मालकाने स्वतःच करायची होती.

१२/ आणि उपनगरात 'मालक' हा शब्दच बदलत होता. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिका कायदा यांनंतर जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, दोन्ही बाजूंना गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. एका चाळमालकाच्या जागी वीस-पंचवीस सभासद आले. आतली जागा प्रत्येकाची, खांब-तुळया-गच्ची सर्वांची. सर्वांचे ते कोणाचेच नाही, हा धोका येथेच शिरला.

१३/ केवळ गरीब किंवा लोभी मालकच चुकतो, हा समज २७ सप्टेंबर २०१३ रोजी कोलमडला. माझगावला, डॉकयार्ड रोड स्थानकाजवळची बाबू गेनू मंडईची इमारत पडली; ६१ जण दगावले. तिची मालक होती खुद्द मुंबई महापालिका आणि राहणारे बहुतांशी पालिकेचेच कर्मचारी. तेथेही तळमजल्यावर भाड्याने दिलेल्या जागेत केलेल्या फेरफारांकडे बोट दाखवले गेले.

१४/ विशेष म्हणजे तोपर्यंत नवा कायदा अस्तित्वात होता. २००९ च्या दुरुस्तीने १८८८ च्या कायद्यात कलम ३५३-ब आले. इमारत ३० वर्षांची झाली की मालकाने किंवा भोगवटादाराने नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तिची तपासणी करून घ्यावी आणि प्रमाणपत्र पालिकेला सादर करावे, असे ते सांगते. संस्थांच्या आदर्श उपविधींत हे अधिक काटेकोर आहे : १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट.

१५/ येथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. १९६९ आणि २००९ चे कायदे इमारतीच्या वयाशी लढतात. गंजलेली सळई, गळती, फुगलेले सिमेंट तपासणीत दिसते. घाटकोपरच्या प्रकरणातील आरोप मात्र वयाचा नसून छेडछाडीचा आहे. आज सुदृढ ठरलेल्या इमारतीतही उद्या खांब छाटला तर कालचे प्रमाणपत्र निरुपयोगी होते. त्यावरचा उपाय जुनाच, १८८८ चा : काम सुरू होण्यापूर्वी सूचना, परवानगी आणि देखरेख.

१६/ म्हणून जागा भाड्याने देणाऱ्या मालकाचे काम करारावर सही करून संपत नाही. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र त्याच्याजवळ असावे. भिंत, खांब, तुळई, मजल्याचा वापर यांतील कोणताही बदल लेखी संमतीविना होणार नाही, अशी अट करारात असावी. काम निघाले तर अभियंत्याचे मत, संस्थेचे पत्र आणि पालिकेची परवानगी हातोडा पडण्याआधी यावी. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यात मालकाच्या लेखी संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम करणे हे भाडेकरूकडून जागा परत मिळवण्याचे एक कारण आहे. मालकाने डोळेझाक करावी, असे कायद्याला अपेक्षित नाही.

१७/ त्याच कायद्याचे कलम १४ मालकालाही बांधते. जागा राहण्याजोगी ठेवणे त्याचे कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी काळात दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाची. पाणी-वीज तोडून भाडेकरूला हुसकावणे मात्र कायद्याविरुद्ध आहे. भाडेकरूची पहिली तक्रार मालकाला मिळणारी सर्वांत स्वस्त सूचना असते. ती लेखी घ्यावी आणि लेखीच उत्तर द्यावे.

१८/ तरीही पालिकेची नोटीस आलीच, तर आधी ती कशाची आहे हे पाहावे. अनधिकृत बदलाची असेल तर काम तत्काळ थांबवून मूळ रचना अभियंत्याच्या देखरेखीखाली पूर्ववत करावी लागते. धोकादायक स्थितीची असेल तर वर्गवारी महत्त्वाची. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याची, सी-२अ म्हणजे अंशतः रिकामी करून मोठ्या दुरुस्तीची, सी-२ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्तीची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची इमारत.

१९/ मालकाचा अभियंता 'पाडा' म्हणतो आणि भाडेकरूंचा 'दुरुस्त करा' म्हणतो, हे मुंबईत नेहमीचे. असे दोन अहवाल भिडले की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. घर रिकामे केल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे त्यातले कळीचे तत्त्व. पागडीच्या खोलीतील माणूस तडे दिसत असूनही घर सोडत नाही, कारण एकदा बाहेर पडलो की परत पाऊल ठेवता येणार नाही ही भीती असते. प्रत्येकाच्या जागेचे क्षेत्रफळ लेखी नोंदवून देणारा मालक ही भीती कमी करतो आणि इमारत वेळेत रिकामी होते.

२०/ चाळमालकाने भाड्याकडे बोट दाखवले, शासनाने हद्द आखली, पालिका स्वतःच्याच इमारतीत चुकली, संस्थेतील सभासद एकमेकांकडे पाहत राहिले. कायद्याने मात्र १८८८ पासून मालकी आणि वापर या दोन्हींवर जबाबदारी टाकलेली आहे. खांब ज्याच्या जागेत आहे त्याने तो राखायचा, आणि ज्यांची घरे त्यावर उभी आहेत त्यांनी त्यावर लक्ष ठेवायचे. तळमजल्यावर हातोड्याचा आवाज आला, तर परवानगीचा कागद पाहायला मागणे हा प्रत्येक सभासदाचा अधिकार आहे. सिद्धी साईनंतर घाटकोपरला तरी तो कोणी आगाऊपणा म्हणू नये.