हौसेचं लायसन्स

मंडळी, वीकेंडला हौसेने कोड लिहिणारे आपल्यात कमी नाहीत. पण तो कोड चारचौघांत ठेवायची वेळ आली की पहिला विचार येतो, "माझ्या जिवावर दुसऱ्याने पैसे कमवायचे नाहीत!" विचार रास्त आहे. हेलसिंकीतल्या एका २१ वर्षांच्या पोरानेही १९९१ मध्ये हाच केला होता. नाव लिनस तोरवाल्ड्स.

सप्टेंबर १९९१ मध्ये त्याने लिनक्सची ०.०१ आवृत्ती सोडली. लायसन्स स्वतःच लिहिलेलं. सोर्स सगळ्यांना मिळालाच पाहिजे, आणि वाटताना एक पैसाही घ्यायचा नाही, अगदी हाताळणी खर्चसुद्धा नाही. ऐकायला किती छान! पण तेव्हा घरोघरी इंटरनेट कुठे होतं? सॉफ्टवेअर फिरायचं फ्लॉपीवरून. आता फ्लॉपी कॉपी करून देणाऱ्याने पदरमोड तरी किती करायची? म्हणजे ज्यांना लिनक्स चार लोकांपर्यंत न्यायचं होतं, त्यांचेच हात या अटीने बांधले गेले.

लोकांनी गळ घातली आणि जानेवारी १९९२ मध्ये, ०.१२ आवृत्तीबरोबर, त्याने जाहीर केलं की १ फेब्रुवारीपासून लिनक्स जीपीएलखाली. रिचर्ड स्टॉलमनच्या या लायसन्सचा हिशोब सरळ आहे. विका, खुशाल विका. पण ज्याला द्याल त्याला सोर्स आणि तेच हक्कही द्या. पुढचं आपल्याला माहीतच आहे. लिनक्सवर उभी राहिलेली रेड हॅट २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलर्सना घेतली.

आता दुसरी बाजू. लिनस ज्यावर शिकला ते प्राध्यापक टॅनेनबॉम यांचं मिनिक्स २००० साली बीएसडी लायसन्सखाली आलं. म्हणजे घ्या, बदला, बंद करून ठेवा, फक्त कॉपीराइटची नोंद ठेवा. २०१७ मध्ये उघड झालं की इंटेलने ते आपल्या चिपसेटमधल्या मॅनेजमेंट इंजिनात वापरलंय. टॅनेनबॉम यांना हे बातम्यांतून कळलं! पैशांची अपेक्षा नव्हती, पण नुसतं कळवलं असतं तरी बरं वाटलं असतं, असं त्यांनी इंटेलला जाहीर पत्रात लिहिलं.

तर मुद्दा असा की "कुणी पैसे कमावले तर?" यापेक्षा "कुणी सुधारणा करून दार लावून घेतलं तर चालेल का?" हा प्रश्न आधी विचारा. चालत असेल तर बीएसडी किंवा एमआयटी, नसेल तर जीपीएल. काहीच लिहिलं नाही तर कोड मोकळा होत नाही हं! आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखंच संरक्षण आहे.

आणि हे लवकर ठरवा. १९९२ मध्ये लिनक्समध्ये हात घातलेले लोक मोजकेच होते, म्हणून लायसन्स बदलणं जमलं. आज त्यात हजारो लोकांचा कोड आहे आणि प्रत्येकाचा हक्क त्याच्याकडे किंवा त्याच्या कंपनीकडे. आता बदलायचं म्हटलं तर परवानगी मागायला कुणाकुणाच्या दारात जाणार?