अश्रू आणि विलंब : चित्रपटातील करुणाचा पूर्वेतिहास

चित्रपटगृहात प्रेक्षक रडतो, ही घटना इतकी परिचयाची आहे की तिला समीक्षेचा विषय करावे असे मराठीत क्वचितच कोणाला वाटले. जाहिरातीत ती हातरुमालाच्या विनोदापुरती येते आणि गंभीर लेखनात 'भावविवशता', 'रडवेपणा', 'भडकपणा' अशा तयार शब्दांनी तिची बोळवण होते. करुण रसाच्या स्वरूपाविषयी मात्र आपल्याकडे विपुल लिहिले गेले. दुःखाच्या दर्शनाने सुख का व्हावे, हा प्रश्न संस्कृत साहित्यशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या मागून मराठी रसमीमांसकांनी पुन्हा पुन्हा हाताळला. या सगळ्या चर्चेत एक साधा प्रश्न बाजूला राहिला : प्रेक्षक नेमका कोणत्या क्षणी रडतो? 'का' या प्रश्नाची उत्तरे 'केव्हा' हे न पाहताच दिली गेली, आणि म्हणून ती अपुरी राहिली, असे मला वाटते.

एका प्रसिद्ध उदाहरणापासून सुरुवात करणे सोयीचे होईल. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'मध्ये (1955) दुर्गा वादळाच्या रात्री तापाने जाते. हा मृत्यू विलक्षण परिणामकारक आहे. वाऱ्याने हलणारे दार, थरथरणारा दिवा, आईची धडपड यांमुळे प्रेक्षकाचा श्वास अडकतो. तरीही त्याचे डोळे बहुधा तेथे भरून येत नाहीत. ते भरून येतात त्यानंतर बऱ्याच वेळाने, हरिहर परगावाहून परततो तेव्हा. त्याला काहीच ठाऊक नाही. पडझड झालेले घर पाहून तो हळहळतो, मुलांना हाका मारतो, आणि मग आणलेल्या वस्तू एकेक करून पत्नीपुढे ठेवू लागतो. दुर्गासाठी आणलेली साडी तो पुढे करतो तेव्हा इतका वेळ दगडासारखी झालेली सर्वजया कोसळते. तिचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी राय यांनी तार-शहनाईचा चढा स्वर ठेवला आहे. हरिहरला जे कळायचे ते त्या रडण्यातून कळते.

दुःखाची मात्रा म्हणून पाहिले तर मृत्यूचा प्रसंग परतण्याच्या प्रसंगाहून मोठा आहे. अश्रू मात्र दुसऱ्या प्रसंगाच्या वाट्याला येतात. प्रेक्षकाला ठाऊक आहे, सर्वजयेला ठाऊक आहे, हरिहरला ठाऊक नाही. साडी हातात असेपर्यंतचा तो काळ ज्ञान आणि अज्ञान यांच्यातील अंतराने ताणलेला आहे. ते अंतर मिटते तेव्हा रडू फुटते, कारण ते मिटण्याचा आता काहीही उपयोग उरलेला नसतो.

फ्रांको मोरेत्ती या इटालियन समीक्षकाने 1983 साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या लेखसंग्रहातील एका निबंधात, मुलांच्या मरणाभोवती रचलेल्या कथांचा विचार करताना, नेमका हाच मुद्दा मांडला. एका पात्राची दृष्टी दुसऱ्याच्या दृष्टीशी जुळते, पण फार उशिरा जुळते, तेव्हा वाचक रडतो, असे त्याचे म्हणणे. पुढे 1986 मध्ये स्टीव्ह नील याने 'स्क्रीन' या नियतकालिकात हा विचार चित्रपटाला लावून पाहिला आणि त्यात एक भर घातली : अश्रूंच्या मुळाशी नुसती हतबलता नसते, 'वेळेत झाले असते तर' ही इच्छाही असते. हेल्मुट प्लेसनर या जर्मन तत्त्वज्ञाने 1941 मध्येच रडण्याचे वर्णन एका प्रकारची शरणागती असे केले होते. परिस्थितीला देण्याजोगे कोणतेही उत्तर माणसापाशी उरत नाही, तेव्हा त्याचे शरीर त्याच्या वतीने उत्तर देते. प्रेक्षकाची अवस्था याहून वेगळी काय असते? हरिहरला थांबवावे, आधीच सांगून टाकावे, असे त्याला वाटते; पण पडद्यावरच्या माणसाला हाक ऐकू जात नाही.

पाश्चात्त्यांची ही उपपत्ती आपल्याकडे आणून लावावी, एवढ्यासाठी मी ती सांगत नाही. संस्कृत नाटकाच्या अभ्यासकाला ती वाचताना वेगळीच आठवण होते. आठव्या शतकातील भवभूतीने 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकात हीच रचना नाटकाच्या मध्यभागी बसवली आहे. बारा वर्षांनी राम पंचवटीत येतो. त्यागलेली सीता तेथेच, त्याच्या शेजारी आहे; परंतु गंगेच्या वरामुळे ती कोणाला दिसत नाही. राम तिच्यासाठी शोक करतो, मूर्च्छित होतो, तिच्या स्पर्शाने सावध होतो, आणि हा स्पर्श भास होता असे मानून पुन्हा शोक करतो. सीता सारे ऐकते. ज्या माणसाविषयी तिच्या मनात रास्त सल आहे, तो आपल्यासाठी असा झुरतो आहे हे तिला त्या क्षणी कळते. तिला हे कळले आहे हे त्याला कळत नाही. दोघांमध्ये हाताचे अंतर आहे आणि बारा वर्षांचे आहे. करुण हाच एक मूळ रस असल्याचे प्रसिद्ध विधान तमसेच्या तोंडी याच अंकाच्या अखेरीस येते, ही गोष्ट त्या विधानाची चर्चा करणाऱ्यांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही. श्लोक सुटा काढून त्यावर रससंख्येचा वाद घातला गेला. तो ज्या दृश्यरचनेच्या शेवटी उभा आहे ती रचना मागे पडली.

शास्त्रकारांचे लक्ष तिकडे का गेले नाही, याचे कारण त्यांच्या प्रश्नातच आहे. नाट्यशास्त्रात अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी एक आहे, आणि सिद्धीच्या प्रकरणात प्रेक्षकांचे हळहळीचे उद्गार हे प्रयोग साधल्याचे चिन्ह मानले आहे. म्हणजे प्रेक्षकाची प्रतिक्रिया शास्त्राला अदृश्य होती असे नाही. पुढे चर्चा वळली ती रसाच्या आनंदरूपतेकडे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त युक्तिवाद केला, की करुणातून दुःखच होत असते तर त्याकडे कोणी वळलेच नसते, आणि रामायणही दुःखाचेच कारण ठरले असते. मग सहृदय रडतो कसा? विश्वनाथाचे उत्तर असे, की चित्त द्रवते म्हणून. हे उत्तर सुंदर आहे आणि खरेही आहे. त्याने अश्रूंना दुःखापासून सोडवले. परंतु चित्त कशाने द्रवते, या प्रश्नाला स्थायिभाव आणि विभावादी सामग्री यांपलीकडचे, म्हणजे कथेतील काळाच्या रचनेचे उत्तर येथे मिळत नाही. बाराव्या शतकातील 'नाट्यदर्पण'कार रामचंद्र-गुणचंद्रांनी रस सुखदुःखात्मक मानून विरोधी बाजू घेतली. पण वाद 'सुख की दुःख' याच चौकटीत राहिला.

मराठी रसचर्चेने ही चौकट वारशाने घेतली. तिच्यातून बाहेर पडण्याची शक्यता न. चिं. केळकरांच्या 'सविकल्प समाधी'त होती. वाचक स्वतःला न विसरता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, ही त्यांची कल्पना चित्रपटाच्या प्रेक्षकाला चपखल लागू पडते. मात्र केळकरांच्या समाधीला दोनच टोके आहेत, वाचक आणि पात्र. अश्रूंच्या प्रसंगाला निदान तीन लागतात : ज्याला ठाऊक नाही असा एक, ज्याला ठाऊक आहे असा दुसरा, आणि दोघांकडे एकाच वेळी पाहणारा, काहीही करू न शकणारा प्रेक्षक. मर्ढेकरांनंतरच्या समीक्षेने तर लौकिक भावनांचा प्रश्नच सौंदर्यविचाराच्या बाहेर ठेवला. ते त्या विचारव्यूहात सुसंगत होते, परंतु त्याची किंमत लोकप्रिय चित्रपटाच्या अभ्यासाने मोजली.

येथे एक आक्षेप येईल. प्रेक्षक मीलनाच्या प्रसंगीही रडतो. चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'च्या (1931) शेवटी कोणी मरत नाही. आंधळी असलेली फुलवाली आता डोळस झाली आहे. समोरच्या भणंग माणसाला ती नाणे देऊ करते आणि त्याच्या हाताच्या स्पर्शाने तिला उपकारकर्ता कोण होता ते उमगते. 'शाकुंतला'च्या सातव्या अंकातही मीलनच आहे. या प्रसंगांमुळे विलंबाची उपपत्ती कोसळत नाही, तिची मर्यादा मात्र स्पष्ट होते. उशीर अखेर भरून आला तरी गेलेला काळ परत येत नाही; दुष्यंताला मुलगा मिळतो तो चालता-बोलता, सिंहाच्या छाव्याशी खेळणारा. त्याचे बाळपण बापाने पाहिलेले नाही. अश्रू त्या न पाहिलेल्या वर्षांचे असतात.

मग चित्रपटाने नवे काय केले? एक गोष्ट अंधाराची. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये 'अश्रूंची सुखात्मिका' नावाचा नाट्यप्रकारच होता आणि पुरुषही नाटकाला उघडपणे, एकमेकांसमोर रडत. ते सहृदयतेचे लक्षण समजले जाई. पुढच्या शतकात रडणे खासगी होत गेले. वाग्नरने 1876 साली बायरॉइटला प्रेक्षागृह काळोखे केले आणि चित्रपटाने तो काळोख जगभर नेला. आपल्याकडे गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर 1919 मध्ये 'एकच प्याला' रंगभूमीवर आले, तेव्हा बालगंधर्वांची फाटक्या वस्त्रांतील सिंधू पाहून हेलावणारा प्रेक्षकच तिच्या पदाला 'वन्समोअर' देत होता. म्हणजे शोक थांबवून पुन्हा मागता येत होता. पडद्यावरील दृश्य कोणासाठी थांबत नाही. काळाचे हे निष्ठुर पुढे जाणे हाच चित्रपटाचा धर्म आहे, आणि विलंबाच्या करुणाला याहून अनुकूल माध्यम नाही. शिवाय काळोखात शेजारच्याला न दिसता रडता येते. सार्वजनिक जागी मिळालेला हा एकांत मराठी स्त्रीच्या दृष्टीने किती मोलाचा होता, हे आपल्या समीक्षकांनी कधी विचारलेले नाही.

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिलेल्या 'श्यामची आई'वर रडकेपणाचा आरोप नेहमीचा आहे. परंतु त्या पुस्तकाचे बळ आईच्या गुणवर्णनात नसून निवेदनाच्या काळात आहे. मोठा झालेला श्याम आश्रमातील मित्रांना रात्रीमागून रात्री आठवणी सांगतो. आई गेलेली आहे हे श्रोत्यांना पहिल्यापासून ठाऊक असते. त्यामुळे पायाला माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलासाठी ती आपला पदर पसरते, तेव्हा त्या मुलाला जे कळलेले नाही ते सांगणाऱ्याला कळलेले असते, आणि सांगून आता उपयोग नसतो. अखेर श्याम घरी पोचतो तोही आई गेल्यानंतर. आचार्य अत्रे यांचा चित्रपट 1953 मध्ये आला. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. वनमालांच्या त्या आईकडे पाहणारा प्रेक्षक बहुधा शेवट ठाऊक असूनच आत शिरत होता. कथा पुढे काय होणार या उत्कंठेवर अश्रू अवलंबून नसतात, याचा याहून चांगला पुरावा नको.

विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' (1991) याच परंपरेतला, आणि समीक्षेने ज्याकडे सर्वांत तुच्छतेने पाहिले असा. 'बाई चली सासरिये' या राजस्थानी चित्रपटावरून तो घेतला होता. खेडोपाडीच्या स्त्रिया तो पाहून ओक्साबोक्शी रडल्या. 'पथेर पांचाली'शी त्याची तुलना कोणी करणार नाही. कलादृष्ट्या ती करण्याजोगी नाहीच. तरीही दोन्हीकडे वाट पाहिली जाते ती एका साडीची, आणि साडी हे वस्त्र कमी, 'तू आमची आहेस' असे सांगणारी खूण अधिक. मला फरक दिसतो तो अन्यत्र : उशिराला जबाबदार कोण? कोंडके यांच्या चित्रपटात दोष छळणाऱ्या माणसांच्या स्वभावात विरून जातो. सून छळवादी सासूवर रागावते आणि ज्या व्यवस्थेने दोघींना तेथे आणले ती सुरक्षित राहते. राय यांच्याकडे हरिहर दुष्ट नाही. दारिद्र्याने त्याला दूर नेले आहे. डी सिकाच्या 'बायसिकल थीव्ज'मध्ये (1948, आपल्याकडे तो 1952 च्या मुंबईतील महोत्सवात दिसला) सायकल चोरताना पकडला गेलेला बाप मुलाच्या डोळ्यांदेखत अपमानित होतो, आणि मुलाचा हात त्याच्या हातात येतो तेव्हा प्रेक्षकाला कोणावर रागवावे ते एका माणसाच्या रूपात सापडत नाही. अश्रू विचाराला मारक असतात हे ब्रेख्तचे मत मला म्हणूनच सरसकट मान्य करता येत नाही. रडणारा प्रेक्षक प्रश्न विचारू शकतो की नाही, हे रडवणाऱ्याने दोष कोठे ठेवला यावर ठरते.

भवभूतीने तो कोठे ठेवला हे पाहण्यासारखे आहे. तिसऱ्या अंकात राम रडत असतानाच वासंती त्याला सीतात्यागाचा जाब विचारते. त्याचे अश्रू त्याला सुटका देत नाहीत. आणि सातव्या अंकात वाल्मीकीने रचलेले नाटक अप्सरा रामासमोर करून दाखवतात. सीतेने गंगेत घेतलेली उडी पाहून राम आसनावरून धावू बघतो आणि हे नाटक आहे, अशी आठवण लक्ष्मणाला त्याला द्यावी लागते. पण त्या प्रेक्षागृहात राम एकटा नाही. ज्यांच्या कुजबुजीमुळे सीता वनात गेली ते अयोध्येचे नागरिकही तेथे बोलावून बसवलेले आहेत. प्रयोग संपल्यावर अरुंधती सीतेला पुढे आणते आणि रामाला विचारण्याआधी त्यांना विचारते, हिचा स्वीकार व्हावा की नाही. ते सारे मान लववतात.