गुणसूत्रांची विषम वाटणी

गर्भ वारंवार गळू लागला की दोष सुनेच्या माथी मारावयाचा, ही आपल्याकडील जुनी रीत. विज्ञानाने तिला उत्तर दिले, पण फार उशिरा. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रे ४६ असतात, हेच मुळी १९५६ साली स्वीडनमध्ये चियो व लेव्हान यांनी निश्चित केले. तोवर ती ४८ समजली जात.

पुढे आढळून आले की, काही निरोगी माणसांत एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जडलेला असतो. एकूण ऐवज पुरता असल्याने त्यांना स्वतःला सहसा बाधा नसते. बीजपेशी घडताना मात्र वाटणी बिघडते. एखादा तुकडा दुप्पट जातो, एखादा जातच नाही. असे गर्भ बहुधा टिकत नाहीत. आणि ही अदलाबदल पतीकडूनही येऊ शकते!

१९७८ साली इंग्लंडात शरीराबाहेर फलन होऊन पहिले मूल जन्मले. १९९० मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात हँडिसाइड यांच्या चमूने भ्रूणाची एक पेशी काढून त्याचे लिंग ओळखले. हेतू, मुलग्यांनाच जडणारे आनुवंशिक रोग टाळण्याचा. त्याच दशकात चकाकणाऱ्या रंगद्रव्यांनी गुणसूत्रांचे तुकडे मोजता येऊ लागले. आता पाच-सहा दिवसांच्या भ्रूणाच्या बाह्य स्तरातील काही पेशी तपासतात. परीक्षेने भ्रूण सुधारत नाही, केवळ निवडला जातो. कधी निवडण्याजोगा एकही उरत नाही.

भारतात १९९४ चा कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, नोंदणीकृत केंद्रांत गुणसूत्रदोषाची तपासणी करू देतो. ज्या लिंगओळखीने या विद्येचा आरंभ झाला, ती सांगणे मात्र येथे गुन्हा आहे.