पेटंट हाती, भांडवल परहाती

शंकर आबाजी भिसे हे नाव ‘भारताचे एडिसन’ या बिरुदासह घेतले जाते. बिरुदामुळे शोधांची संख्या लक्षात राहते. त्यांतले विकले किती गेले आणि मोठा शोध का अडकला, हे कोणी विचारीत नाही.

भिसे १८६७ साली मुंबईत जन्मले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका संशोधक-नियतकालिकाने किराणा मालाच्या वजनयंत्राची स्पर्धा लावली. भिसे तीत पहिले आले. दिनशा वाच्छांचे पत्र घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे गेले.

परदेशी जाणे भागच होते. हिंदुस्थानात शोधकाला मक्ता देणारा पहिला कायदा १८५६ चा. पहिला अर्ज कलकत्त्याच्या डी पेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी केला. पण इथला हक्क लंडनमध्ये चालत नसे. ब्रिटनमध्ये १८८३ च्या कायद्याने सुरुवातीची फी २५ पौंडांवरून ४ पौंडांवर आली होती, म्हणजे गरीब शोधकालाही दार उघडले होते. आत गेल्यावर मात्र मुदत चौदा वर्षांची, आणि पहिल्या चार वर्षांनंतर हक्क टिकवण्यासाठी पुन्हा फी. कल्पना खरोखर नवी आहे का, हे तपासण्याची तरतूदही १९०२ च्या कायद्याने आली. पेटंट म्हणजे नक्कल करणाऱ्यावर स्वखर्चाने दावा लावण्याची मुभा. गिऱ्हाईक आणून देणे हे सरकारचे काम नव्हते.

भिशांच्या लहान वस्तूंना याची फारशी अडचण नव्हती. जाहिरातीचा विजेचा फलक क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडला, लोकांनी पाहिला. पाहिलेली वस्तू विकता येते. स्वयंपाकघरातली उपकरणे, आपोआप पाणी सोडणारा संडास हीही त्यांचीच कामे. छापखान्यासाठी खिळे ओतणाऱ्या ‘भिसोटाइप’ यंत्राचे तसे नव्हते. शिशाचा वितळलेला मिश्रधातू साच्यात जायचा, थिजायचा आणि नेमक्या मापाचा खिळा बाहेर पडायचा. मापात केसाइतका फरक पडला तरी छपाई बिघडते. मिनिटाला १२०० खिळे, असा भिशांचा दावा होता. कॅस्लन ही लंडनची जुनी ओतशाळा. तिथल्या जाणकारांचा त्यावर विश्वास बसेना. नुसत्या नकाशावर असे यंत्र कोण घेणार? चालते यंत्र दाखवायला हवे, म्हणजे कारखाना हवा, कारागीर हवेत, पैसा हवा. इकडे मुदत सरतच असते.

हा पैसा आला तो राजकारण्यांकडून किंवा त्यांच्या ओळखीने. मला या हकिकतीत सर्वांत बोलका भाग हाच वाटतो. दादाभाईंनी स्वतःचे पैसे घातले. समाजवादी पुढारी हिंडमन यांनी १५,००० पौंड उभे करण्याचे कबूल केले, ते झाले नाही. १९०८ च्या सुमारास निराश भिसे मायदेशी निघाले, तर बोटीवर गोखले भेटले. त्यांच्या शब्दाखातर रतन टाटा पुढे आले आणि टाटा-भिसे सिंडिकेट निघाले. नामदारांच्या शिफारशीला मान होता, पण खिळे विकत घेणारे छापखाने तिच्या मागून येत नाहीत. महायुद्धाने उरलीसुरली आशाही मोडली. भिसे न्यूयॉर्कला गेले; तिथेच ७ एप्रिल १९३५ रोजी वारले.

त्याच काळात बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर करीत होते. नांगराची कल्पना त्यांची नव्हे. परदेशी नांगर पाहून त्यांनी आपला घडवला. त्यांना हक्क विकायचा नव्हता, नांगर विकायचा होता. लोखंडाने जमीन विषारी होते, असे शेतकरी म्हणत. पहिले नांगर दोन वर्षे पडून राहिले. पण मुदत सरण्याचा धाक त्यांना नव्हता. औंधच्या राजांनी जागा दिल्यावर १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.