बालाघाट : उंची व मापन

हरिश्चंद्रगडापासून आग्नेयेकडे जाऊन धाराशिव जिल्ह्यातून कर्नाटकात उतरणारी, बेसाल्ट खडकाची डोंगररांग. गोदावरी व भीमा खोऱ्यांचा जलविभाजक तिच्या माथ्यावरून जातो : तेरणेचे पाणी मांजरेतून गोदावरीला, तर नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालणाऱ्या बोरीचे भीमेला मिळते. जिल्ह्यातील पठार सुमारे ६०० मी. उंच आहे. हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा; तुळजापूरच्या घाटात प्रत्यक्ष चढावा लागणारा डोंगर त्या मानाने फारच ठेंगणा.

भारतात उंची मोजण्याचा पाया १९०९ साली निश्चित झालेली सरासरी समुद्रपातळी हा होता. त्यासाठी मुंबईच्या अपोलो बंदरासह नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदी वापरल्या गेल्या. तिथून टप्प्याटप्प्याने पातळी घेत आकडा देशात आत नेला जातो. दुर्गम शिखरांसाठी थिओडोलाइटने कोन मोजून त्रिकोणमितीने गणित मांडत. आता उपग्रहांची जोड मिळाली आहे. एव्हरेस्टची ८,८४८.८६ मी. ही उंची २०२० मध्ये जाहीर झाली.

‘सर्वांत उंच’ कोण, हे कोठून मोजले यावर ठरते. हवाई बेटावरील मौना केआ समुद्रसपाटीपासून ४,२०७ मी. भरतो, सागरतळावरील पायथ्यापासून मात्र १०,००० मीटरांहून अधिक. महाराष्ट्रात १,६४६ मी. उंचीचे कळसूबाई सर्वोच्च असून बालाघाट या क्रमवारीत कोठेच बसत नाही.