दूरचित्रवाणी आणि रायगडचा किनारा

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. बंदरापलीकडील उरण-अलिबाग पट्टा या प्रक्षेपणाच्या टप्प्यात होता. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. रायगड हे नाव त्याला १९८१ मध्ये मिळाले. दक्षिणेकडे श्रीवर्धनपर्यंत अंतर आणि डोंगर आड येत असल्याने चित्र दिसणे अवघड होते.

प्रारंभी संच मोजक्या घरांत असत. कोळीवाड्यातील वा आगरी पाड्यातील शेजारी त्या घराच्या ओटीवर जमत. ‘आमची माती, आमची माणसं’सारखे कार्यक्रम शेतकऱ्यांसाठी होते. १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाल्यावर रविवारची सकाळ त्या मालिकेची झाली. १९९० नंतर केबल आली, संच घरोघरी पोहोचले आणि हे सामुदायिक पाहणे ओसरले.

परिणाम दुहेरी होता. आगरी लग्नांत धवलारीण धवळे गाते. ही विद्या ऐकूनच पुढच्या पिढीकडे जाते. ऐकण्याची सायंकाळ पडद्याने घेतली, तर तिला लिखित आधार नसतो. पडद्यावरील प्रमाण मराठी व हिंदीपुढे बोलीही संकोचते. पाचगणी परिसरातील गावांचा अभ्यास करणारे किर्क जॉन्सन यांनी २०००च्या ग्रंथात असेच निरीक्षण नोंदवले: माहितीसाठी वडीलधाऱ्यांवरील अवलंबन घटते आणि शहरी राहणीची ओढ वाढते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गोव्यासह पाच राज्यांतील माहितीवर आधारलेल्या जेन्सन व ऑस्टर यांच्या २००९च्या संशोधनात केबल आल्यानंतर स्त्रियांची स्वायत्तता वाढल्याचे आणि पत्नीला मारहाण समर्थनीय मानण्याचे प्रमाण घटल्याचे आढळले.

आफ्रिकेतही या माध्यमाविषयी एकमत नव्हते. नायजेरियातील इबादान येथे १९५९ मध्येच केंद्र उभे राहिले. टांझानियाच्या मुख्य भूमीवर मात्र दूरचित्रवाणी १९९४ मध्ये आली.

किनाऱ्यावर या माध्यमाचा सर्वांत थेट उपयोग वादळाच्या इशाऱ्यांसाठी होतो. मात्र ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस धडकले, तेव्हा वीज गेली आणि पडदेही विझले. अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी बातमी पुन्हा शेजाऱ्याच्या तोंडूनच कळते. म्हणून जुन्या संवादाची वाट मोडू न देणे हे स्मरणरंजन नव्हे, ती गरज आहे.